कॅचरच्या बोटांच्या खुणा

बासष्ट साली चीनशी युद्ध चालू असताना आमच्या कारखान्याच्या क्लबाने जवानांच्या मदतनिधीसाठी बेसबॉलचा सामना ठेवला होता. त्या सामन्यात एक चिनी हेर पकडला गेला, असं बेंगळुरूतली आमची मराठी मंडळी अजून सांगतात. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट माझ्यासमोर कितीदा तरी निघाली आणि मी मान डोलावून जेवत राहिलो. हेर कोणी नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

क्रिकेट लोकांनी पुष्कळ पाहिलं होतं. नवा खेळ म्हणून गर्दी होईल, असा सेक्रेटरींचा अंदाज. पण तो खेळ खरोखर येत होता एकालाच. चिकपेटात आमच्या कापडाच्या दुकानापासून चार दुकानं सोडून एका चिनी माणसाचं बुटांचं दुकान होतं, त्यांचा हा मुलगा. जन्म इथलाच. मिशनच्या शाळेत एका अमेरिकन मास्तरांनी त्याला बेसबॉल शिकवला होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. माझ्या आईशी तो आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत गप्पा मारायचा. सगळ्या संघाचे चामड्याचे हातमोजे त्याच्या वडिलांनी शिवून दिले. त्यांना वेळच वेळ होता. त्या दिवसांत दुकानात कोणी पाय ठेवत नव्हतं.

"चिनी माणूस कशाला मैदानात?" कमिटीतल्या एकाने विचारलं.

"जाळीचा मुखवटा घालून बसणार तो," सेक्रेटरी म्हणाले. "तोंड कोणाला दिसतंय?"

सगळे हसले. अण्णाही हसला.

चेंडू टाकायला मी होतो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, म्हणजे कॅचर, तो. पुढचा चेंडू कसा टाकायचा हे कॅचर मांड्यांच्या आड बोटं धरून सांगतो. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा.

"कशाला रे ते?" सरावाच्या वेळी तो म्हणाला. "यांना बॅट धरता येत नाही. लपवायचं कोणापासून?"

हट्ट माझा होता. एका मासिकात तसा फोटो पाहिला होता. "करू या की अण्णा, रुबाब वाटतो."

"सरी, चालेल," तो म्हणाला. "स्वल्प नाटक पण पाहिजेच तुला."

रविवारी दुपारी मैदान भरलं. भाषणं झाली, बायकांनी हातातल्या बांगड्या काढून पेटीत टाकल्या. विमानतळाकडून विमानं येत होती. प्रत्येक वेळी सगळं मैदान गप्प व्हायचं आणि माना वर जायच्या. माझ्या पाठीमागे दोरीपाशी साध्या कपड्यांतला एक माणूस खुर्चीवर बसला होता. त्याचं लक्ष चेंडूकडे नव्हतं. चौथ्या डावात दोन विमानं डोक्यावरून गेली. मी खाली पाहिलं तेव्हा अण्णाने दोन बोटं धरली होती. का कोण जाणे, मी वळून बघितलं. तो माणूस वहीत लिहीत होता.

सामना आम्ही जिंकलो. मंडपामागे त्या वहीवाल्या माणसाने मला बोलावलं.

"ती बोटं कसली?"

कारखान्यात मी अजून कायम झालो नव्हतो. त्याआधी पोलीस चौकशी व्हायची होती. "मला ठाऊक नाही, साहेब. तो दाखवायचा."

"विमानं मोजत होता?"

मी काहीच बोललो नाही. त्याने वही मिटली.

तिसऱ्या दिवशी बुटांच्या दुकानासमोर पोलिसांची जीप आली आणि अण्णाला घेऊन गेली. संध्याकाळी अण्णाचे वडील आमच्या पायरीवर उभे. आई आत बोलावत होती, पण ते आले नाहीत. "तू जा," ते मला म्हणाले. "खेळाच्या खुणा होत्या, एवढंच सांग. माझं कोण ऐकणार?"

सकाळी मी ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलो. "काय पाहिजे?" शिपायाने विचारलं. "काही नाही," म्हणालो, सायकल वळवली आणि कामावर गेलो.

संध्याकाळी ते पुन्हा पायरीवर.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

त्यांनी माझे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. दोऱ्याने कापलेली त्यांची खरबरीत बोटं मला टोचत होती. मग म्हणाले, "तुमच्यातला तो उंच पोरगा, पहिल्या बेसवरचा. त्यालाही खुणा माहीत होत्या ना? त्यालाही पाठवू का?"

तो पोरगा तोंडाळ होता आणि कोणाला भीत नव्हता. तो नक्की गेला असता. आणि मी गेलो नव्हतो, हे त्याला तिथे कळलं असतं.

"गरज नाही, अप्पा," मी म्हणालो. "मी बोललोय."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात अण्णाला चिनी लोकांना डांबून ठेवायच्या राजस्थानातल्या छावणीकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. त्या दिवशीही दुपारपर्यंत वडील दुकान उघडून बसले होते, आज सुटून येईल म्हणून.