ठकू उताणी पडली तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — म्हणजे अर्धं तिला ठाऊक आहे, पण ते अर्धंच खोटं आहे.

धारूरला माझं शिंप्याचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. लेक नर्सिंग शिकायला संभाजीनगरला गेली आणि जाताना ठकूला माझ्या ओटीत घालून गेली. ठकू म्हणजे कोळीण — तळहाताएवढी, केसाळ, जमिनीत बीळ करून राहणारी. चर खणताना जेसीबीनं तिचं बीळ फोडलं, तेव्हा पोरीनं तिला डब्यात घालून घरी आणलं आणि स्वतःच्या हातानं काचेची पेटी बनवली.

आधी मी मशीनवर पाय वर घेऊन बसायचो. हसू नका. पुढे काय झालं कळलंच नाही — माती ओलसर ठेवणं, बाटलीच्या बुचात पाणी, आठवड्याला एक झुरळ, सगळं नेमानं करू लागलो. काजं करताना तिच्याशी बोलायचो. पेटीतल्या करवंटीखालून दोन पाय बाहेर काढून ती बसायची. मला वाटायचं, ऐकतेय. जीव जडला, दुसरं काय?

मग तिनं खाणं सोडलं. मला वाटलं, पोरीची आठवण काढतेय. आणि एका सकाळी — उताणी. पाय वर. उताणा पडलेला किडा मेलेला असतो, एवढंच मला माहीत. मी रडलो. परसात शेवग्याखाली खड्डा केला आणि तान्हं लेकरू पुरताना घालतात तसं वर मूठभर मीठ घातलं.

तासाभरात पोरीचा फोन. "आबा, सांगायचं राहिलंच. ठकू उताणी पडली तर हात लावू नका हां. मेलेली नसती, कात टाकती."

शेवगा दहा पावलांवर होता. खुरपं तिथंच पडलेलं. जाऊन उकरायला हवं होतं ना? मी गेलो नाही. ती अजून हलत असेल — याचीच भीती वाटली. म्हणालो, "पोरी, ती सकाळीच निसटली गं. झाकण उघडं व्हतं."

ती म्हणाली, "कडी मीच बसवलती, आबा. ढिली राहिली आसंल."

"आसंल," मी म्हणालो.

जिवंत पुरली मी तिला. आणि दोष पोरीला घेऊ दिला.

दिवाळीला पोर घरी आली. "एखाद्या सांदीत आसंल अजून," म्हणून कपाटामागं बघू लागली. मी कपाट ओढून दिलं, बॅटरी धरली. पार कोपऱ्यापर्यंत हात घालून ती हळूच ठकूला हाका मारत होती.

"आबा, जरा डावीकडं धरा."

मी धरली.