पेटीची दुसरी कडी

सेलू स्टेशनाबाहेर आलो आणि आधी नजरेत भरली ती माती. काळीभोर, भेगाळलेली, आणि तिच्यावर दूरवर फुटलेला कापूस. पुण्याच्या आमच्या शाळेला नाताळची सुटी होती. मोगलाईतल्या (निजामाच्या मुलखातल्या) लोककथा उतरवून घ्याव्यात म्हणून लोखंडी पेटीत कोऱ्या वह्या भरून मी जिंतूरला निघालो होतो.

देवगाव फाट्याच्या पुढे बैलगाडीचा आख मोडला. गाडीवानाने जवळच्या गावच्या पाटलाला कळवलं आणि थोड्या वेळाने चाळिशीचा एक काटक माणूस आला. नाव सखाराम. त्याने पेटी डोक्यावर घेतली.

वाटेत मी मजुरी विचारली, तर तो हसला. "मजुरी कशाची, मास्तर? वेठ हाय."

वेठ म्हणजे हुकूम झाला की फुकट राबायचं. त्याचा स्वतःचा कापूस त्या दिवशी वेचायचा राहिला होता. मी ओशाळलो, पण पेटी त्याच्याच डोक्यावर राहिली, हेही सांगायला हवं.

दुपारी एका शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली दिसली. कळप ठकूबाईचा, वय सत्तरीचं, आवाज खणखणीत. तिने आम्हा दोघांपुढे भाकरी आणि जवसाची चटणी ठेवली. मी कथा गोळा करतो म्हटल्यावर सांगू लागली.

ढगांची मेंढरं राखणारं एक राज्य होतं. तिथे गुलाम नव्हते. तिथल्या राजाची लेक दगडी राज्यात दिली. तिथे घरोघरी विकत घेतलेली माणसं. नव्या राणीने पाण्याचा तांब्या परत केला. म्हणाली, "ज्याला न्हाई म्हनता येत न्हाई, त्याच्या हातचं पानी मला गोड लागत न्हाई." लोक तिला वेडी म्हणाले. मग राणीची रीत म्हणून सरदारांच्या सुना तसंच करू लागल्या. त्यांच्या लेकी पुढे नागांच्या राज्यात गेल्या आणि रीत घेऊन गेल्या. तिथे कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण गुलामही कुणी ठेवीना.

"कारण माहीत नसताना रीत टिकली कशी?" मी विचारलं.

"सासूनं सुनेला कारन कधी सांगितलंय का, बाबा?"

सखाराम हळूच म्हणाला, "आजे, त्या नागाच्या राज्यात पावन्याची पेटी कोन उचलायचं?"

ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली.

मी उठलो आणि पेटीची एक कडी धरली. सखाराम घाबरला. "सोडा, मास्तर. म्होरल्या गावचा पाटील पारावर बसलेला असतोय. तुमी उद्या जाताल. मार मला हाय."

मी कडी सोडली. तो पेटीजवळ वाकला. मग दुसरी कडी धरून म्हणाला, "नवस हाय म्हना. नवसाच्या आड कुनी येत न्हाई."

मी पुन्हा माझी कडी धरली आणि आम्ही गावात शिरलो. पाटील पारावरून उठला. "हे काय मास्तर? तुमी कामून धरली?"

"नवस आहे."

"कोन्या देवाचा?"

हे मी ठरवलंच नव्हतं. सखाराम मान खाली घालून म्हणाला, "वाटंवरल्या देवाचा, मालक."

पाटलाने पेटीला हात जोडले आणि आम्हाला दूध पाजलं. दोघांनाही. गाव मागे पडल्यावर सखाराम इतका हसला की पेटी खाली ठेवावी लागली.

जिंतूरला दहा दिवस राहून त्याच वाटेने परतलो. या खेपेला पारावरच्या त्याच पाटलाने एक अनोळखी म्हातारा धाडला. त्याने एक कडी धरली आणि थांबला.

"धरा की, पावनं. ह्या वाटंनं जानाऱ्यानं एक कडी धरायची असती."

"कशासाठी?"

"ते मला काय ठावं? रीत हाय."

मी धरली. वेठ उठली नव्हती; म्हातारा फुकटच चालत होता, आणि अर्ध्या ओझ्याला मी न्याय म्हणणार नाही. पण पुण्याला पोचलो तेव्हा तळहाताला कडीचा वळ होता, आणि मनात एकच कुतूहल: शिवेपलीकडच्या गावात आता या कडीबद्दल काय सांगत असतील?