तिने डबा रिकामा दिला नाही

मंडळी, कोर्टातून घरी येऊन तासभर झाला, अजून बूटही काढलेले नाहीत.

इथे अमेरिकेत, बॉथेलला आल्यापासून मी कोर्टाची व्हॉलंटियर आहे. घरी हाल झाले म्हणून आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलांना भेटत राहायचं आणि त्यांचं भलं कशात आहे ते जजना सांगायचं. सध्या माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आहे. नाव सांगता येत नाही.

मागच्या भेटीत, सध्या तिला सांभाळणाऱ्या फॉस्टर मदरला विचारून शंकरपाळ्या नेल्या होत्या. डबा तिथेच ठेवला आणि निघताना मुलीला सहज म्हणाले, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं!" आपली सवय, निघून गेलं तोंडातून.

आज हिअरिंगला तिची आई येणार होती. आली नाही. फोनही उचलला नाही. वकील पुढची तारीख घेऊन मोकळे झाले. ही मात्र नवा फ्रॉक घालून बाहेर बाकावर, दाराकडे बघत.

मी शेजारी जाऊन बसले. तिने बॅगेतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत टिश्यूत गुंडाळलेल्या चार-पाच शंकरपाळ्या.

"आय सेव्ह्ड देम फॉर मॉम," ती म्हणाली. "यू टेक देम. नाऊ इट्स नॉट एम्प्टी."

रडली नाही हो ती. पार्किंगमध्ये मी रडले.

डबा आता समोर ओट्यावर आहे. प्लीज, आज कोणी "किती छान काम करतेस" लिहू नका. त्या शंकरपाळ्यांचं मी काय करू, तेवढं सांगा.