काकांचा फेटा आणि माझ्या मोटारीचा आरसा

दुसऱ्याच्या वस्तूवर इतक्या निर्धास्तपणे हक्क सांगणारा माणूस अख्ख्या बडोदे संस्थानात माझ्या चुलतसासऱ्यांखेरीज दुसरा नव्हता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. काका म्हणजे जुने शिलेदार. सरकारी पागेतून ते निवृत्त झाले, पण त्यांच्या मिशा शेवटपर्यंत नोकरीवर होत्या. घडियाळी पोळीत, म्हणजे बडोद्याच्या एका जुन्या गल्लीत, ते आमच्या समोर राहत. काकू वारलेल्या, मुलगा मेहसाण्याला नोकरीला, म्हणून दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे येत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमची आमटी पातळ असते असं रोज म्हणत ते तिच्या तीन वाट्या पीत, त्याबद्दलही नाही. माझी तक्रार आहे ती आरशाबद्दल.

मी डॉक्टर. रोगी पार पादरा गावापर्यंत पसरलेले, म्हणून फतेगंजच्या एका लष्करी साहेबाची जुनी मोटार मी विकत घेतली. तिच्या डाव्या अंगाला, चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो त्याच्या बाजूला, एक गोल फुगीर आरसा होता. साध्या आरशात रस्त्याचा एक तुकडा दिसतो. यात अख्खी पोळ मावायची, मात्र सगळं लहान होऊन. मोटार दारात उभी राहिली त्याच दिवशी काकांना शोध लागला की या आरशात आपण छातीपासून तुऱ्यापर्यंत सबंध दिसतो. झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फेटा माझ्या मोटारीपाशी बांधला जाऊ लागला. कापडाचा गठ्ठा माझ्या बॉनेटवर टाकायचा, आरसा स्वतःकडे फिरवायचा, सावकाश वेढे घ्यायचे आणि आरसा तसाच वाकडा ठेवून देवदर्शनाला चालू पडायचं. मी रोज आरसा सरळ करायचा, रोज ओरडायचं, आणि त्यांनी शांतपणे म्हणायचं, "जावईबापू, मोटार तुमचीच आहे. आम्ही कुठे नाही म्हणतो?" मला तर वाटतं मी त्यांना वापरायला दिली नसती, तर ती त्यांनी मला वापरायला दिली असती.

एकदा घाईत मी आरसा न तपासता निघालो. पादऱ्याच्या वाटेवर डावीकडे वळताना त्यात पाहिलं, तर निळं आकाश आणि दोन घारी. खाली गवताची बैलगाडी होती, तिला मी घासलो. गाडीवानाने भर रस्त्यात माझ्या शिक्षणाची जी किंमत केली ती मी इथे लिहीत नाही.

तशात फेटा वाढू लागला. बारा हातांचा अठरा झाला, मग दोन फेटे एकाला एक शिवून आले. समोरचा वाणी मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तमारी मोटर करतां काकानी पाघडी मोटी छे." म्हणजे माझ्या मोटारीपेक्षा काकांची पगडी मोठी. गंमत तिथवर होती तोवर ठीक होतं. पण वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दरबारात, जुन्या शिलेदारांच्या पहिल्या रांगेत काकांना जागा असे, आणि त्या एका जागेसाठी हा माणूस उरलेलं वर्ष काढत असे. त्या वर्षी मागच्या रांगेने तक्रार केली की या फेट्याआडून महाराजच दिसत नाहीत. बैठकीच्या कारभाऱ्याने बजावलं, पुढच्या दसऱ्याला फेटा बेतात नसेल तर बसायचं मागे. काका दोन दिवस आमच्याकडे जेवले नाहीत.

मी त्यांना शास्त्र समजावलं. "काका, ही काच फुगीर आहे. ती सगळं लहान दाखवते. फेटा लहान दिसतो म्हणून तुम्ही वेढे वाढवत जाता."

"मग तुम्हालाही मागची लॉरी लहानच दिसत असणार," काका म्हणाले. "गवताच्या गाडीला उगाच माझं नाव लावलंत."

या उर्मटपणाला उत्तर म्हणून मी चांगला पुरुषभर उंचीचा सपाट आरसा आणून त्यांच्या भिंतीवर ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा माझ्या मोटारीपाशी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढचा दसरा आला. काकांना राजवाड्यावर मीच सोडणार होतो. मी मोटारीत बसून घड्याळ बघतोय आणि बाहेर वेढ्यांवर वेढे चाललेत. काकांच्या कपाळावर घाम होता. मागची रांग त्यांनाही दिसत असणार. पण हात काही थांबेनात. शेवटी माझा तोल गेला. "पुरे, काका! पुरे आता!"

हात जागच्या जागी थांबले. आरशात न पाहता ते म्हणाले, "तुमच्या पेटीतली कात्री द्या." उरलेलं सगळं कापड त्यांनी कापलं, टोक खोचलं आणि शेजारी येऊन बसले. फेटा अगदी बेतात होता.

मोटार मांडवी दरवाजापाशी आली. मग काका म्हणाले, "तुमची काकू आरसा धरून उभी राहायची. ती 'पुरे' म्हणाली की मी थांबायचो. चाळीस वर्षं. कुठे थांबायचं ते मला स्वतःला कधी कळलंच नाही. भिंतीच्या आरशापाशी कोणी नसतं, जावईबापू. इथे निदान तुम्ही असता. पण तुम्ही ओरडायचात ते आरशासाठी, फेट्यासाठी कधी नाही."

काकांना पहिली रांग मिळाली. त्यानंतर रोज सकाळी मी मोटारीत बसून 'पुरे' म्हणत असे आणि मग आरशावरून भांडत असे. असे तीन दसरे झाले.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आरसा मी लावतो तसाच राहतो. सकाळी मोटारीत बसलो की सवयीने डावीकडे बघतो, तर त्यात सगळी पोळ नीट, जागच्या जागी दिसते. मला त्याचाही रागच येतो.