तरवडाला पाणी घालू नका

जुन्नरच्या कब्रस्तानाच्या उतारावर काही जगत नाही, असं ठरवून कमिटी मोकळी झाली. पेव्हर ब्लॉक टाकायचे, विषय संपला! त्याच उतारावर आमच्या शेजारच्या बिबिजानचाचीच्या नवऱ्याची, महंमद हनीफ यांची कबर.

"माझ्या माणसाच्या उशाशी सिमेंट? न्हाई होऊ देणार," चाची म्हणाली. कमिटीच्या जुबेरनं तोंडदेखली मुदत दिली. येत्या उन्हाळ्यात उतार हिरवा दिसला, तर ब्लॉक रद्द.

गुलाब तिनं आधी लावून पाहिले होते, सगळे करपले. या खेपेस कळंबच्या रस्त्याकडेचा तरवड निवडला. पिवळ्या फुलांचं झुडूप, मुरमाडावर आपसूक वाढतं, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. शेंगांतलं टणक बी तिनं दगडावर घासलं, भिजवलं आणि पावसाच्या तोंडाला टोकलं. रोपं वीतभर झाली, प्रत्येकाला तिनं आळं केलं.

पाऊस सरला आणि रोपं पिवळी पडून माना टाकायला लागली. चाचीनं एक उपटलं. मुळं काळी, कुजकी.

"तहानेनं न्हाई, बुडून मेलंय हे!"

दर जुम्म्याला कबरीवर पाणी शिंपडायचा रिवाज. शिंपडून उरलेला तांब्या जो तो मायेनं आळ्यात ओतत होता. खाली कडक मुरूम, पाणी जाणार कुठं?

पुढच्या जुम्म्याला चाची मला सोबत घेऊन फाटकात उभी राहिली.

"चाची, पाणी घालणं सवाबचं, पुण्याचं काम. तुमी अडवता?" जुबेर म्हणाला.

"सवाब घे की. माझ्या झाडाचा जीव नको घेऊ."

"झाडाला पाणी नको? नवीनच ऐकतोय राव!"

"सासुरवाडीत आग्रहानं खाऊन तुझं पोट बिघडतंय ना? तसंच हाय ते."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. "हसता काय? रोपं मारायची आणि ब्लॉकही तुमीच टाकायचे!"

"तू गप," चाचीनं मलाच दटावलं. "ओरडल्यावर मानसं तांब्या आणखी घट्ट धरत्यात."

तिनं लिंबाखाली घरची परात मांडली. "उरलेलं पाणी हितं. पाखरं पितील." मग खुरपं घेऊन एकेक आळं उताराच्या बाजूनं फोडत गेली.

वैशाखात जुबेर बघायला आला. "अर्धीच जगलीत की."

"हिरवा दिसला पायजे म्हणालास. दिसतोय का न्हाई, ते बोल."

उतार हिरवा दिसत होता. हनीफचाचांच्या उशाशी तर एक पिवळा घोसही. तेवढ्यात मागं कुणीतरी रोपावर तांब्या कलता केला, आणि जुबेरच ओरडला, "ओ पावणं! तिकडं, परातीत!"