बाईंना न ओळखता आलेली खिरापत

आमची मुलींची प्राथमिक शाळा कसबा पेठेत, तांबटांच्या ठोक्यांच्या कुशीत वसलेली होती. पाढे म्हणताना बाहेरच्या हातोड्यांचा ताल आपसूक मिळे आणि आमचे बे एके बे जणू तांब्यावर घडून बाहेर पडे. वर्गाला वास असे तो ओल्या पाटीपुसण्यांचा, खडूच्या भुकटीचा आणि कुणाच्या तरी दप्तरात सांडलेल्या लोणच्याचा. आश्विनात मात्र या सगळ्या वासांना मागे सारून एक वेगळाच वास शाळेत शिरे. तो बंद डब्यांचा वास होता.

नवरात्रात रोज, शाळा सुटण्याआधी, फरसबंद चौकात भोंडला होई. मधोमध पाटावर रंगीत खडूंनी काढलेला हत्ती, भोवती हात धरून फिरणाऱ्या आम्ही, आणि गाणी सरली की खिरापत. जिची पाळी असेल तिने घरून खाऊचा बंद डबा आणायचा. बाकीच्यांनी तो हलवून, हुंगून आत काय आहे ते ओळखायचे. कुणालाच ओळखता आले नाही तर दुसऱ्या दिवशीचा हत्ती काढण्याचा मान त्या मुलीचा.

हा मान कुणालाही मिळत नसे, कारण शेवटचा अंदाज आमच्या वर्गाच्या बाईंचा असे. बाई डबा कानाशी नेत, एकदाच हलवत, डोळे बारीक करून डबेवालीकडे पाहत आणि म्हणत, “मुगाचे लाडू.” ते मुगाचेच निघत. त्यामुळे हत्ती वर्षानुवर्षे बाईच काढत आल्या होत्या, आणि बाईंचा हत्ती म्हणजे सोंड लावलेली म्हैस होती. तिसरीच्या त्या वर्षी मला जगात दुसरे काही नको होते. मला हत्ती काढायचा होता. त्याच्या पाठीवरची झूल जांभळी असेल, पण तिला पिवळी किनार शोभेल की शेंदरी, हे मी रात्री पांघरुणावर बोटाने काढून पाहत असे.

आई त्याच शाळेत, त्याच बाईंच्या हाताखाली शिकलेली. माझी पाळी आली त्या दिवशी मी तिच्या पदराला लोंबकळले.

“काय करणार आहेस गं?”

“तुला सांगितलं म्हणजे पेठेला सांगितलं,” आई म्हणाली. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

तरीही, खवणीवर नारळ खवता खवता, तिने मला जवळ ओढले आणि कानात कुजबुजली, “खोबऱ्याच्या वड्या. कुणाजवळ बोलायचं नाही हं.”

आमची शाळा दुपारची. डबा हाती आला तेव्हा कोमट होता, चांगला जड होता आणि हलवला तरी हूं की चूं करत नव्हता. झाकणाखाली केळीचे पान दाबून बसवले होते. कडेने ओल्या मातीसारखा काहीतरी वास येत होता. तो पानाचाच असणार, असे मी नाकाला समजावले.

पट्टीवर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तांबटआळीतली होती. तिने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“ए, मला एकटीला सांग ना. देवीशप्पथ, कुणाला सांगणार नाही.”

मी सांगितले. प्रार्थना संपेपर्यंत वड्या मागच्या पट्टीवर पोहोचल्या होत्या. मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिणाऱ्या मुली माझ्याकडे पाहून ओठांवरून जीभ फिरवत होत्या. जांभळी झूल माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

भोंडल्याची गाणी त्या दिवशी मी नुसती ओठांनी म्हटली. मग डबा पाटाशेजारी आला.

“गोड की तिखट?” बाईंनी विचारले.

“गोड,” मी म्हटले.

“खोबऱ्याच्या वड्याऽऽ!” सगळे रिंगण एका सुरात ओरडले. इतके एकमत आमच्या वर्गात सातच्या पाढ्यावरही कधी झाले नव्हते.

बाईंनी हात वर केला. “कोरसचा अंदाज मी धरत नसते.” त्यांनी डबा कानाशी नेला, हलवला. डबा गप्प. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि बारीक डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे डोळे भरून आले होते.

“वड्याच,” बाई म्हणाल्या. “आणि रडू नकोस, खारट होतील. उघड.”

मी झाकण काढले, पान उचलले. कोंडलेला ओलसर वास वर आला, आणि त्याखाली मिठात उकडलेल्या भुईमुगाच्या कोवळ्या शेंगा, काठोकाठ!

“अय्या, शेंगा!” मैत्रीण किंचाळली. मग माझ्याकडे वळली. “खोटारडे!”

“ही तुझी गोड खिरापत?” बाईंनी विचारले.

“बाई, मला आईनं वड्याच सांगितल्या होत्या.”

बाईंनी एक शेंग घेतली, फोडली, दाणे तोंडात टाकले. मग दुसरी. तिसरीच्या वेळी त्यांच्या गालावर हसू फुटले.

“डबे कधी बोलतात का गं?” त्या म्हणाल्या. “मी डबा आणणारीचं तोंड वाचते. तुझी आई तिसरीत करंज्या घेऊन आली होती. तिच्या तोंडावर मला करंजी स्पष्ट दिसली. तीही अशीच रडली होती. इतकी वर्षं मनात धरून बसली म्हणायची!”

चौकभर टरफलांचा सडा पडला. मैत्रिणीने रुसवा शेंगांबरोबर चघळून संपवला. घरी पोहोचले तेव्हा आईने खिरापत आवडली का, हेसुद्धा विचारले नाही. “बाई काय म्हणाल्या?” एवढेच विचारले, आणि मी सांगितल्यावर खवलेल्या नारळाची चटणी वाटताना ती कितीतरी वेळ गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी मी हत्ती काढला. जांभळी झूल, शेंदरी किनार. बाई मागे उभ्या राहून पाहत होत्या. “झूल सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “ती म्हशीवर का घातलीस?”

पुढच्या वर्षी, चौथीत, आईने मला खरेच सांगितले: रताळ्याच्या गोड चकत्या. मी प्रार्थनेआधीच साऱ्या वर्गाला सांगून मोकळी झाले. एकीनेही विश्वास ठेवला नाही. बाईंनी तर डबा हातातही घेतला नाही, माझ्या तोंडाकडे पाहिले, त्यावर रताळे अगदी स्वच्छ दिसत असणार, आणि ठामपणे म्हणाल्या, “रताळं सोडून काहीही.”

त्या वर्षीचा हत्तीही मीच काढला.