लोखंड अडलं की तेल

अनंताचा हात अजूनही तेलाच्या बाटलीकडे जात असेल का, ही काळजी माझ्या मनातून हलत नाही. मुलगा फौजेत असला की आईला बर्फाची, गोळीची भीती वाटते. ती मलाही आहे. पण झोप उडते ती या बाटलीमुळे.

हे वळण त्याला घरातलंच. त्याचे वडील तुळशीराम, म्हणजे आमचे हे, भिवंडीत सादिकशेठच्या कारखान्यात लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, मिस्त्री. कशेळीच्या शेतकरी घरातून आले आणि तीस वर्षं लूम दुरुस्त करत राहिले. त्यांचा एकच मंत्र, "लोखंड अडला का आधी त्याल." बारावीनंतर अनंता दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. लूमचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, मध्येच थांबला, की बापाच्या आधी याची बाटली पुढे. १९८८ मध्ये तो फौजेत गेला आणि हत्यारं दुरुस्त करण्याच्या कामाला लागला. यांनी कारखान्यात पेढे वाटले. "माझाच धंदा हाय," म्हणाले, "मशीन तेवढी बारकी."

दोन वर्षांनी त्याला उंचावरच्या एका चौकीवर पाठवलं. तिथल्या रायफली एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरून घेतात. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो. त्यातल्या दोन-तीन रायफलींचं भरणं अडत होतं. एक गोळी सुटे, पुढची आत येतच नसे. अनंताने मॅगझिनं उघडली, म्हणजे गोळ्यांच्या पेट्या, आणि सगळ्यांत भरपूर तेल सोडलं. असं करायचं नाही हे त्याला शिकवलं होतं. डोक्याला ते आठवलं, हाताला आठवलं नाही. रात्रीच्या थंडीत तेल घट्ट झालं आणि सकाळी सरावाला दहातल्या सात रायफली अडल्या. त्याच्या वरच्या उस्तादांनी, म्हणजे काम शिकवणाऱ्या हवालदारांनी, मॅगझिनमध्ये बोट फिरवून ते त्याच्या नाकाला पुसलं. "बेटा, रायफल है, पराठा नहीं."

एक्याण्णवच्या रजेत हे त्याने जेवताना हसत हसत सांगितलं. "बाबा, तुमच्या तेलापायी पंधरा दिवस गोण्या वाहिल्या मी."

यांचा हात ताटात थांबला. "मंग तीस वर्सा मी लूम बिघडवलेच काय रं?"

"तसं नाही बाबा. लूमचं वेगळं."

"येगळा कसा? तुला आता साहेब शिकवतात. आमचा शिकलेला टाकून दे."

ते टाकता आलं असतं तर शिक्षा कशाला झाली असती? रजा संपायच्या चार दिवस आधीच तो निघून गेला. त्याला दोन वर्षं झाली, तो घरी आलेला नाही. त्याचा कामाचा शर्ट अजून खुंटीला आहे. पत्रं येतात, ती माझ्या नावावर.

मी बी.ए. झालेली, म्हणून घरात पत्रं वाचून दाखवायचं काम माझं. हे भिंतीकडे तोंड करून बसतात. मागच्या वर्षी एका पत्रात त्याने लिहिलं होतं, "आई, आता प्रत्येक मॅगझिनवर मी नंबर टाकलाय. रायफल अडली की तिचं मॅगझिन आधी चांगल्या रायफलीला लावून बघतो, बाकी कशाला हात लावत नाही. दोष मॅगझिनबरोबर गेला, तर त्याची स्प्रिंग थकलेली असते, नाहीतर तोंडाच्या कडा वाकलेल्या. दोष रायफलीतच राहिला, तर गॅस कमी पडतोय का ते बघायचं. गोळीच्या गॅसच्या जोराने आतला भाग मागे जातो. तो पुरता मागे गेलाच नाही तर पुढची गोळी उचलणार कसा? तेल सगळ्यात शेवटी, तेही पुसल्यासारखं."

"झाला वाचून?" एवढंच म्हणून हे उठले.

आता तो डोंगरावरून खाली, मैदानी भागातल्या छावणीत आलाय. तिथून लिहिलं, "रविवारी सकाळी नऊला मी इथल्या एसटीडी बूथवर असतो. नंबर देतोय. बाबांना सांगायचं की नाही, तुझं तू ठरव." सहा रविवार गेले. दर रविवारी नऊ वाजले की मला तो बूथच्या दाराशी उभा दिसायचा. पण फोन करून मी काय सांगणार होते? ये म्हटलं असतं, तर त्याने पहिलं विचारलं असतं, बाबा काय म्हणतात?

आज हे डबा विसरले, म्हणून मी कारखान्यात गेले. सादिकशेठ दारातच भेटले.

"भाभी, मिस्त्रींना झालंय काय? लूम अडला की धोटा काढतात, दुसऱ्या लूमवर चढवतात आणि बघत बसतात. सगळ्या धोट्यांवर नंबर टाकलेत. पूछा तो बोलते हैं, फौज का कायदा है."

आत गेले. तेलाची बाटली खिडकीत होती, तिच्यावर कापसाची धूळ बसलेली. हे लाल रंगाने धोट्यावर सतरा लिहीत होते. मला बघितलं आणि पोराने पाटी लपवावी तसा धोटा पाठीमागे धरला.

"आधी ह्यो बघाचा," म्हणाले. "त्याल शेवटी."

मी डबा ठेवला आणि आले.

उद्या रविवार. नऊ वाजता बाजारातल्या बूथवरून मी अनंताला फोन करणार आहे. ये म्हणून गळ घालणार नाही. धोट्यावरचा आकडा तेवढा सांगेन.